पुरावरची चर्चा कार्यसूचीत लागते, होत मात्र नाही: खासदाराकडे नेमकं काय मागायचं?

वणी तालुक्यातल्या वर्धा नदीकाठच्या एका शेतकरी गटाचा प्रश्न थोडक्यात असा आहे. पऱ्हाटी आणि सोयाबीन चार दिवस पाण्याखाली राहिलं. खासदारांनी लोकसभेत पूरस्थितीवर चर्चा मागितली आणि ती नियम १९३ खाली, म्हणजे मतदान नसलेली अल्पकालीन चर्चा म्हणून, कार्यसूचीत छापूनही आली. पण दोन्ही दिवशी सरकारी विधेयकं झाली, चर्चा राहिली, आणि अधिवेशन संपलं. आता ही चर्चा पुढच्या अधिवेशनात आपोआप होईल का? आणि चर्चा झाली नाही म्हणून मदत अडली आहे का?

दोन्हींचं उत्तर नाही असंच आहे. राष्ट्रपतींनी सत्रसमाप्ती केली की लोकसभेतल्या प्रलंबित नोटिसा रद्द होतात. विधेयक मांडण्याची परवानगी मागणारी नोटीस तेवढी टिकते. नियम ३३५ तसंच सांगतो. म्हणजे पुढच्या अधिवेशनात चर्चा हवी असेल तर खासदारांना नवी नोटीस, नव्या सह्यांसह द्यावी लागेल.

मदतीचं म्हणाल तर २०२४ आणि २०२५ च्या तारखा पाहा. २०२४ च्या ऑक्टोबरच्या सुरुवातीला केंद्राने १४ राज्यांना ५,८५८.६० कोटी रुपये दिले, त्यात महाराष्ट्राचे १,४९२ कोटी होते. १९ ऑक्टोबर २०२५ ला महाराष्ट्राला १,५६६.४० कोटींचा हप्ता आगाऊ मंजूर झाला. दोन्ही वेळा संसद भरलेली नव्हती. हा पैसा गृह मंत्रालयाच्या फाइलीवरून सुटतो. सभागृहातल्या भाषणाने त्या फाइलीवर दबाव येतो, प्रश्नाने तिची तारीख उघडी पडते, पण तिची सही सभागृहात होत नाही. त्यामुळे 'चर्चा लावा' एवढंच मागणं हे मागणीचं सगळ्यात कच्चं रूप आहे. त्यापेक्षा भक्कम मागण्या आहेत, त्या पुढे सांगतो. आधी चर्चा का राहिली ते पाहू.

लोकसभेचा दिवस कागदावर असा दिसतो. ११ ते १२ प्रश्नोत्तरं. १२ वाजता पटलावर ठेवायची कागदपत्रं, समित्यांचे अहवाल, मंत्र्यांची निवेदनं, असलीच तर लक्षवेधी, आणि मग शून्य प्रहर. १ ते २ जेवणाची सुट्टी. २ नंतर नियम ३७७ चे विषय, म्हणजे सदस्यांनी मांडायचे छोटे लेखी मुद्दे, आणि त्यापुढे सरकारी कामकाज, म्हणजे विधेयकं किंवा पुरवणी मागण्या. ६ वाजता बैठक उठते. नियम १९३ ची चर्चा बहुतेक वेळा या सगळ्याच्या खाली, यादीच्या शेवटच्या आकड्यावर असते. कारण नियमातच तसं आहे. नियम २५ प्रमाणे सरकारी कामकाजासाठी ठरलेल्या दिवशी त्या कामकाजाला अग्रक्रम असतो आणि त्याचा क्रम अध्यक्ष सभागृहनेत्याशी सल्लामसलत करून ठरवतात. नियम १९४ अल्पकालीन चर्चेला आठवड्यातल्या दोन बैठका आणि जास्तीत जास्त दोन तास देतो, तेही बैठकीच्या शेवटी किंवा शेवटाच्या आधी. शुक्रवारचे शेवटचे अडीच तास खासगी सदस्यांच्या कामकाजाचे. म्हणजे चर्चेच्या वाट्याला आधीच शेपटाकडची जागा येते.

आता विधेयकाला कामकाज सल्लागार समितीने तीन तास दिले आणि ते साडेचार तास चाललं, की शेपूट कापलं जातं. दुपारी गोंधळ होऊन बैठक दुसऱ्या दिवसापर्यंत तहकूब झाली, तरी तेच. गोंधळात सरकारी विधेयक आवाजी मतदानाने मंजूर होऊ शकतं, आणि होतंही. चर्चा गोंधळात होऊ शकत नाही, तिला बोलणारे आणि ऐकणारे दोन्ही लागतात. शिवाय उत्तर देणारा मंत्री हजर हवा. गृहमंत्री त्या वेळी राज्यसभेत अडकले असतील तर विषय पुढे ढकलला जातो. आणि पुढे ढकललेला विषय उद्याच्या यादीत आपोआप चढत नाही, तो पुन्हा लावावा लागतो. कार्यसूची आदल्या संध्याकाळी संसदेच्या संकेतस्थळावर येते, पण 'सुधारित कार्यसूची' हीच खरी समजा. तुमच्याकडे ज्या कागदाचा फोटो फिरला, तो पहिला मसुदा असण्याचीही शक्यता असते.

कामकाज सल्लागार समिती हा शब्द बातम्यांत नेहमी येतो. लोकसभेत ती जास्तीत जास्त १५ सदस्यांची, अध्यक्ष स्वतः तिचे प्रमुख. कोणत्या विधेयकाला किती तास, हे तिथे ठरतं आणि तिचा अहवाल सभागृह स्वीकारतं. पुराचा विषय खरोखर लागावा असं वाटत असेल तर खासदारांनी केवळ सचिवालयात नोटीस टाकून भागत नाही. त्यांच्या पक्षाच्या गटनेत्याने या समितीत विषय रेटला पाहिजे. आठवड्याच्या शेवटच्या बैठकीत, बहुधा शुक्रवारी, संसदीय कामकाज मंत्री पुढच्या आठवड्याचं सरकारी कामकाज वाचून दाखवतात आणि तेव्हा सदस्य आपापले विषय त्यात घालण्याची विनंती करतात. ती विनंती नोंदीत जाते. त्यातून विषय लागेलच असं नाही, पण खासदारांनी ती केली की नाही हे तुम्ही कामकाजाच्या नोंदीत शोधू शकता. 'आम्ही खूप प्रयत्न केला' या वाक्याची शहानिशा करायची ही सोपी जागा आहे.

दुसरं एक भांडण नियमावरूनच होतं. विरोधकांना नियम ५६ चा स्थगन प्रस्ताव किंवा नियम १८४ चा प्रस्ताव हवा असतो, कारण त्यात मतदान आहे. सरकार नियम १९३ पुढे करतं, कारण त्यात मतदान नाही. या ओढाताणीत दोन-तीन दिवस जातात आणि पाऊस उघडतो. स्थगन प्रस्तावाला सकाळी १० पर्यंत नोटीस आणि ५० सदस्यांचा पाठिंबा लागतो, चर्चा साधारण ४ वाजता सुरू होते आणि किमान अडीच तास चालते. पण त्यात सरकारवर ठपका असतो आणि विषय मुख्यतः केंद्राच्या जबाबदारीचा असावा लागतो. पूर-मदतीची प्राथमिक जबाबदारी राज्याची, असं म्हणून तो दारातच परत येतो. विदर्भाच्या पिकांसाठी स्थगन प्रस्ताव मागणं म्हणजे मथळा मागणं.

समजा, नियम १९३ ची चर्चा झालीच. विषय 'यवतमाळ आणि चंद्रपूरचा पूर' असा राहत नाही. तो 'देशाच्या विविध भागांतील पूर, भूस्खलन आणि दुष्काळ' असा फुगवला जातो, म्हणजे सगळे पक्ष राजी होतात. वेळ पक्षांच्या संख्याबळावर वाटला जातो. दोन तासांची चर्चा वाढून चार तास झाली असं धरू. मंत्र्यांच्या उत्तराची ३० मिनिटं वजा केली तर २१० मिनिटं उरतात. ५४३ सदस्यांच्या सभागृहात विदर्भाचे १० खासदार आहेत, म्हणजे हिशेबाने आपल्या सगळ्या विभागाच्या वाट्याला चार मिनिटंही येत नाहीत. प्रत्यक्षात एखाद्याला पाच-सात मिनिटं मिळतात आणि बाकीचे लेखी भाषण पटलावर ठेवतात. त्या पाच मिनिटांतली तीन राजकारणात गेली तर हाती काही लागत नाही.

तरीही चर्चेचा एक खरा फायदा आहे. मंत्री उत्तरात 'पथक पाठवू', 'निकष तपासू' असं काही म्हणाले तर ते आश्वासन ठरू शकतं. आश्वासनं शासकीय आश्वासन समितीकडे नोंदली जातात आणि ती तीन महिन्यांत पुरी करणं अपेक्षित असतं. म्हणून खासदारांनी भाषणात दहा मागण्या मोजण्यापेक्षा एकच प्रश्न असा विचारावा, की मंत्र्यांना हो किंवा नाही म्हणावं लागेल.

चर्चा लागते की नाही, यात पुराच्या वेळेचाही हात आहे. डिसेंबर २०१५ मध्ये चेन्नई आणि तमिळनाडूच्या पुरावर लोकसभेत नियम १९३ खाली चर्चा झाली, कारण पूर आला तेव्हा हिवाळी अधिवेशन चालू होतं. वायनाडचं भूस्खलन ३० जुलै २०२४ ला झालं आणि दुसऱ्याच दिवशी दोन्ही सभागृहांत लक्षवेधीवर गृहमंत्र्यांचं उत्तर झालं. आपल्याकडे काय होतं? पावसाळी अधिवेशन साधारण जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात सुरू होतं आणि ऑगस्टमध्ये आटोपतं. वैनगंगा-वर्धेचे मोठे पूर बऱ्याचदा ऑगस्टच्या शेवटी, सोयाबीनवर बसणारा मार सप्टेंबरमध्ये. वैनगंगेचा २०२० चा पूर ऑगस्टच्या अखेरीला आला, भंडाऱ्यापासून गडचिरोलीपर्यंत धानाच्या बांध्या आणि घरं बुडाली. कोविडमुळे त्या वर्षी अधिवेशन १४ सप्टेंबरला सुरू झालं, त्यात प्रश्नोत्तरांचा तासच नव्हता आणि २३ ला ते गुंडाळलं गेलं. पण लेखी उत्तरांचे अतारांकित प्रश्न तेव्हाही चालू होते.

गोंधळात, तहकुबीत, अर्ध्यावर संपलेल्या अधिवेशनातही जे कागद टिकतात, ते मागा. २०२५ च्या पावसाळी अधिवेशनात लोकसभेसाठी १२० तास ठरले होते आणि काम जेमतेम ३७ तास झालं. ४१९ तारांकित, म्हणजे तोंडी उत्तराचे, प्रश्न यादीत होते, तोंडी उत्तरं झाली ५५ ची. पण तोंडी न झालेल्या तारांकित प्रश्नांची आणि सगळ्या अतारांकित प्रश्नांची लेखी उत्तरं पटलावर येतातच. नियम ३७७ चे विषयही बोलता आले नाहीत तर पटलावर ठेवले जातात. चर्चा वाहून जाते, हे वाहून जात नाही.

नियम ३७७ चा मजकूर साधारण २५० शब्दांच्या आत असावा लागतो. सदस्याला आठवड्यात एकच विषय मिळतो. तो संबंधित मंत्रालयाकडे जातो आणि साधारण महिन्याभरात मंत्र्यांचं लेखी उत्तर सदस्याला येणं अपेक्षित असतं. शून्य प्रहरात तसं नाही. तिथे सकाळी १० पर्यंत नोटीस, सोडत, आणि मंत्र्यावर उत्तराचं बंधन नाही. व्हिडिओ मात्र शून्य प्रहराचा जास्त फिरतो, म्हणून खासदारांना तो आवडतो. तुमच्या गटाने खासदारांकडे ३७७ चं उत्तर मागावं, व्हिडिओ मागू नये. मजकूर तुम्हीच लिहून दिलात तर उत्तम: पहिल्या दोन वाक्यांत तालुका, तारखा, बुडालेलं क्षेत्र, मग हा विषय केंद्राचा का आहे ते, आणि शेवटी एकच मागणी. तीन मागण्या घातल्या की मंत्रालय सोप्या मागणीचं उत्तर देतं आणि बाकीच्या गिळतं.

प्रश्नांचं गणित वेगळं. नोटीस किमान १५ पूर्ण दिवस आधी द्यावी लागते. एका दिवसासाठी सदस्य पाच नोटिसा देऊ शकतो, त्यातला तारांकित एकच लागतो. एका दिवशी २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्नांची मर्यादा आहे, क्रम सोडतीने. चार आठवड्यांच्या अधिवेशनात याचा अर्थ असा, की शेवटच्या आठवड्यातल्या दिवसासाठीचा प्रश्न पहिल्या आठवड्यातच सचिवालयात पोचलेला असावा. पूर आला, मग मोर्चा निघाला, मग निवेदन दिलं, मग प्रश्न, असं केलं तर तारीख हमखास हुकते. आणखी एक: पूर आणि ढगफुटीच्या मदतीचं केंद्रातलं दप्तर गृह मंत्रालयाकडे आहे, दुष्काळ, गारपीट आणि कीडरोगाचं कृषी मंत्रालयाकडे. बुडालेल्या सोयाबीनचा प्रश्न 'शेतीचा' म्हणून कृषीकडे टाकला की तो फिरत बसतो. अलीकडच्या अधिवेशनांत गृह मंत्रालयाचा वार लोकसभेत मंगळवार आणि राज्यसभेत बुधवार असतो. तक्ता दर अधिवेशनाला निघतो, तो पाहूनच तारीख धरा.

प्रश्न नामंजूर होण्याचं सगळ्यात मोठं कारण म्हणजे तो राज्याच्या कामाबद्दल असतो. 'झरी जामणीत पंचनामे का झाले नाहीत?' हा प्रश्न लोकसभेत टिकणार नाही, पंचनामा तहसीलदाराचा विषय आहे. तोच विषय केंद्राच्या बाजूने धरायचा. प्रश्न १५० शब्दांच्या आत, भाग पाडून. नोटीस हिंदीत किंवा इंग्रजीत जाते, ते खासदारांचं कार्यालय करेल. मजकूर असा देता येईल:

'(क) चालू खरीप हंगामातील पुराबाबत राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद निधीतून अतिरिक्त मदत मागणारे निवेदन महाराष्ट्र शासनाकडून प्राप्त झाले आहे काय. असल्यास कोणत्या दिनांकास व किती रकमेचे. (ख) आंतर-मंत्रालयीन केंद्रीय पथकाने राज्याला भेट दिली काय. दिली असल्यास विदर्भातील कोणत्या जिल्ह्यांत व कोणत्या दिनांकांस. (ग) चालू वर्षात राज्य आपत्ती प्रतिसाद निधीतील केंद्राचा हिस्सा किती, तो कोणत्या दिनांकांस वितरित झाला व वर्षारंभी त्या निधीत शिल्लक किती होती. (घ) उच्चस्तरीय समितीने मंजूर केलेली रक्कम व शिलकीपोटी केलेली वजावट किती?'

या प्रश्नात 'का' कुठेच नाही, हे लक्षात घ्या. 'का' विचारलं की ठरलेलं उत्तर येतं: आपत्ती व्यवस्थापनाची प्राथमिक जबाबदारी राज्यांची आहे, केंद्र पूरक साहाय्य करतं, आणि ही मदत दिलासा म्हणून आहे, नुकसानभरपाई म्हणून नाही. तारीख आणि रक्कम विचारली की टाळता येत नाही. भाग (क) चं उत्तर 'निवेदन प्राप्त झालेले नाही' असं आलं, तर तुमचं भांडण दिल्लीशी नाही, मुंबईच्या मंत्रालयातल्या मदत व पुनर्वसन विभागाशी आहे हे एका ओळीत कळतं. सगळ्या खटाटोपातला सर्वात मोलाचा कागद हाच.

पैशाची वाट अशी आहे. गावात तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक (आता तिघांचीही पदनामं बदलली आहेत) संयुक्त पंचनामा करतात. तिथून तहसीलदार, जिल्हाधिकारी, विभागीय आयुक्त, मग मदत व पुनर्वसन विभाग. राज्य आपत्ती प्रतिसाद निधी आधीच राज्याकडे असतो, त्यात महाराष्ट्रासाठी केंद्राचा वाटा ७५ टक्के आणि राज्याचा २५. तो पुरला नाही तर राष्ट्रीय निधीतून मदत मिळावी म्हणून राज्य निवेदन करतं, केंद्रीय पथक येतं, राष्ट्रीय कार्यकारी समितीची उपसमिती तपासते आणि गृहमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालची उच्चस्तरीय समिती रक्कम मंजूर करते. त्यातून राज्याच्या निधीतल्या शिलकीचे ५० टक्के वळते केले जातात. म्हणून वरच्या प्रश्नात शिल्लक विचारली आहे. मंजुरीचा आकडा मोठा दिसतो आणि हातात आलेला लहान, याचं कारण बहुधा तिथे असतं.

दराचं भांडण कुठे करायचं, यात सगळ्यांत जास्त घोळ होतो. २०२२-२३ ते २०२५-२६ साठीच्या केंद्रीय निकषांत ३३ टक्के किंवा जास्त नुकसान असेल तर जिरायतीला हेक्टरी ८,५००, बागायतीला १७,००० आणि बहुवार्षिक पिकांना २२,५०० रुपये होते, २ हेक्टरच्या मर्यादेत. शेतात ३ इंचांपेक्षा जास्त गाळ साचला तर तो काढायला हेक्टरी १८,०००. नदीने पात्र बदलून जमीन खरडून नेली तर अल्प व अत्यल्प भूधारकांना ४७,०००. यापेक्षा जास्त द्यायचं तर राज्य आपल्या तिजोरीतून देतं. २०२२ मध्ये राज्याने जिरायतीला १३,६००, बागायतीला २७,००० आणि बहुवार्षिकला ३६,००० रुपये ३ हेक्टरपर्यंत दिले. ऑक्टोबर २०२५ च्या पॅकेजमध्ये रब्बीच्या बियाण्यांसाठी हेक्टरी १०,००० रुपये वेगळे जाहीर झाले. हे सगळे राज्याचे निर्णय. '२ हेक्टर की ३ हेक्टर' हा प्रश्न आमदारांकडे न्या. डिसेंबरात विधिमंडळ नागपुरातच असतं, तिथे लक्षवेधी लावून घ्या. खासदारांना विचारायचं ते केंद्रीय निकषांबद्दल: वित्त आयोगाच्या नव्या कालावधीत ८,५०० चा दर किती झाला, आणि कशाच्या आधारावर.

गाळाच्या ३ इंचांवरून आठवलं, पाणी ओसरल्यावर लगेच गाळात पट्टी उभी धरून फोटो काढा, मागे बांध किंवा विहीर दिसेल असा. पथक पंधरा दिवसांनी येतं तोवर गाळ बसतो, तडकतो आणि तीनाचे दोन इंच होतात. घराच्या पडझडीलाही किमान १५ टक्क्यांची अट आहे, तिथेही फोटो लवकर काढलेला बरा.

वणीसारख्या ठिकाणी आणखी एक घोटाळा संभवतो. वणी आणि आर्णी हे विधानसभा मतदारसंघ यवतमाळ जिल्ह्यातले, पण लोकसभेला चंद्रपूरमध्ये. उमरखेडही यवतमाळचं, पण लोकसभेला हिंगोलीत. ब्रह्मपुरी आणि चिमूर चंद्रपूर जिल्ह्यातले, लोकसभेला गडचिरोली-चिमूरमध्ये. तुमचे पंचनामे यवतमाळच्या जिल्हाधिकाऱ्यांकडून अमरावतीच्या आयुक्तांकडे जातात आणि तुमचे खासदार चंद्रपूरचे, ज्यांचा रोजचा संबंध नागपूर विभागाशी. खासदारांच्या कार्यालयाने फक्त चंद्रपूरच्या जिल्हाधिकाऱ्यांकडून आकडे मागवले तर वणी-आर्णीचं क्षेत्र भाषणातही येत नाही आणि ३७७ मध्येही नाही. म्हणून आकडे तुम्हीच द्या: महसूल मंडळाचं नाव, बाधित गावं, पंचनामा झालेलं आणि राहिलेलं हेक्टर, शेतकरी संख्या. एका पानात. तहसीलच्या शिक्क्याचा तक्ता मिळाला तर सोन्याहून पिवळं.

नदीकाठच्या गावांची खरी अडचण तर वेगळीच असते. अतिवृष्टी म्हणजे मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस. पण तुमच्या शिवारात पाणी पावसाचं नसून वरच्या धरणाचं असतं. मंडळाच्या पर्जन्यमापकावर १५ मिलिमीटर आणि शेतात कमरेएवढं पाणी, असं वर्धेकाठी आणि वैनगंगेकाठी होतच असतं. तेव्हा 'तुमच्या मंडळात अतिवृष्टी नाही' हे ऐकून परत फिरू नका. केंद्राच्या आपत्तींच्या यादीत पूर ही स्वतंत्र आपत्ती आहे, तिला ६५ मिलिमीटरची अट नाही. पंचनाम्यात कारण 'नदीचा पूर' असंच लिहून घ्या. आणि जोडीला ऊर्ध्व वर्धा, निम्न वर्धा, बेंबळा या प्रकल्पांतून त्या तारखांना किती क्युमेक (सेकंदाला घनमीटर) विसर्ग होता, किती दारं किती उघडली होती, याची नोंद पाटबंधारे विभागाकडे लेखी मागा. जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचे रोजचे संदेश व्हॉट्सॲपवर येतात, तेही जपून ठेवा. एक क्युमेक म्हणजे सुमारे ३५.३ क्युसेक, दोन्ही एककं मिसळू नका, नाहीतर एकाच चुकीच्या आकड्याने सगळं निवेदन हास्यास्पद ठरतं.

विसर्गाचा मुद्दा संसदेतही कामाचा आहे. राज्याचा विषय म्हणून प्रश्न परत येतो, पण आंतरराज्य नदीचं नियमन हा संघसूचीतल्या ५६ व्या नोंदीचा विषय आहे. वैनगंगेत मध्य प्रदेशातल्या संजय सरोवरातून येणारं पाणी, सिरोंचाजवळ गोदावरीवरचा तेलंगणाचा मेडीगड्डा बंधारा, महाराष्ट्र आणि तेलंगणाच्या सीमेवरून वाहणारी पैनगंगा, यांच्या विसर्गाची आगाऊ सूचना, केंद्रीय जल आयोगाचे पूर अंदाज, दोन राज्यांतला समन्वय हे सगळं विचारता येतं. हे प्रश्न जलशक्ती मंत्रालयाकडे जातात. भंडारा आणि गडचिरोलीच्या गटांनी तर मदतीच्या प्रश्नाआधी हा प्रश्न लावून घ्यावा असं माझं मत आहे. मदत एका हंगामाची असते आणि पाणी दरवर्षी त्याच दारांतून येतं.

सरकारी कामकाजाला नुसता शत्रू समजू नका. पुरवणी मागण्यांवरची चर्चा हे सरकारी कामकाजच असतं, तिला अग्रक्रम असतो, आणि तिथे पुरावर बोलता येतं. आपत्ती व्यवस्थापन सुधारणा विधेयक लोकसभेत डिसेंबर २०२४ मध्ये आणि राज्यसभेत मार्च २०२५ मध्ये मंजूर झालं, त्या चर्चेत निकषांवर बोलायला मोकळं रान होतं. असं विधेयक यादीत दिसलं की खासदारांना आकड्यांचं पान त्याच आठवड्यात पाठवा. राज्यसभेचा दरवाजाही आहे: तिथे अल्पकालीन चर्चा नियम १७६ खाली, लक्षवेधी १८० खाली आणि विशेष उल्लेख १८० (क) खाली. विदर्भातले राज्यसभा सदस्य लोकांच्या सहसा ध्यानात नसतात, त्यामुळे त्यांच्याकडे पत्रांची गर्दीही कमी असते.

वेळापत्रक असं धरा. पाणी ओसरल्यापासून आठवड्यात आकड्यांचं पान आणि फोटो तयार. पीक पेऱ्याची ई-पीक पाहणी राहिली असेल तर आधी ती, कारण सातबारावर पीक नसेल तर पंचनामा लंगडा पडतो. अधिवेशनाची तारीख जाहीर झाली की त्याच आठवड्यात प्रश्नाचा मसुदा खासदारांच्या दिल्लीच्या कार्यालयात ईमेलने आणि इथल्या कार्यालयात हातोहात, पोच घेऊन. अधिवेशन सुरू झालं की ३७७ चा मजकूर. उत्तर आलं की ते संसदेच्या संकेतस्थळावर प्रश्न क्रमांक आणि तारखेसह मिळतं. त्याची प्रत विभागीय आयुक्तांच्या अर्जाला जोडा. आणि मदतीच्या यादीत तुमच्या नावापुढे विशिष्ट क्रमांक (व्हीके नंबर) आला असेल तर आधी सेतू केंद्रावर जाऊन आधार प्रमाणीकरण उरकून घ्या, कारण दिल्लीचा पैसा आला तरी प्रमाणीकरण राहिलेल्या खात्यात तो पडत नाही, आणि त्यावर कुठल्याही सभागृहात प्रश्न लागत नाही.